भाद्रातली चार मिनिटं

परीक्षक क्रमांक दोन, तुम्ही माझा लेख अडवून धरला आहे. तोही माझ्याच नियतकालिकात. माझ्याच कंपनीत, जिच्या दारावरच्या पितळी पाटीवर संस्थापक म्हणून माझं नाव आहे आणि ती पाटी दर सोमवारी चिंच लावून मीच घासतो. सहा वर्षांत तीनदा अडवलात. तुमचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही, तुम्ही बाई की पुरुष तेही माहीत नाही, आणि नियमाप्रमाणे माहीत करून घेता येत नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. ज्यांना तुमची बाजू घ्यायची असेल त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं.

मला कंपनी काढायची नव्हती. मला एक लेख छापायचा होता.

खिदिरपूरच्या गोदीत एका शिपिंग एजंटकडे मी एकतीस वर्षं कारकून होतो. शिक्षण बारावी, नापास. हुगळीत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राकडून पाण्याचा एक लोट उलटा वर चढत येतो. त्याला इथे बान म्हणतात. बान यायच्या आत होड्या काठापासून दूर न्याव्या लागतात, जहाजांचे दोर सांभाळावे लागतात, म्हणून त्याच्या वेळांचं छापील कोष्टक असतं. मी धक्क्यावर उभा राहून प्रत्येक बानाची खरी वेळ डायरीत लिहायचो. मला कोणी सांगितलं नव्हतं. लोक डबा खाऊन पत्ते खेळत, मी डबा खाऊन नदी बघत असे. एकतीस डायऱ्या, आठशे चौसष्ट नोंदी. निष्कर्ष एका ओळीचा: बान कोष्टकापेक्षा सात मिनिटं उशिरा येतो, आणि भाद्र महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या भाद्रपदात, अकरा मिनिटं.

निवृत्त झाल्यावर मी हे इंग्रजीत लिहून काढलं. डिक्शनरी उजव्या हाताला, अंबाडीची भाजी डाव्या हाताला, असे चार महिने गेले. मग वेगवेगळ्या जर्नलना पाठवलं. प्रत्येकाचा फॉर्म आधी विचारायचा, संस्था कोणती? मी लिहायचो, निवृत्त. विभाग कोणता? मी लिहिलं, आयात. एका जर्नलने अकरा मिनिटांत नकार पाठवला. अकरा मिनिटांत माझी पहिली डायरीसुद्धा उघडत नाही, तिला बुरशीमुळे आधी उन्हात ठेवावं लागतं.

आमच्या बालीगंजच्या इमारतीत तळमजल्यावर निर्मलेंदूबाबू राहतात. त्यांचं म्हणणं ते हिंदी बोलतात, माझं म्हणणं मी बंगाली बोलतो, आणि गेली चाळीस वर्षं आमची घट्ट मैत्री आहे. ते म्हणाले, "टिपणीसबाबू, रडता कशाला? स्वतःचं जर्नल काढा. संपादक तुम्ही, लेखक तुम्ही, नाही म्हणणारा कोण?"

नाही म्हणणारा कोण! हे वाक्य मी आज खिळे ठोकून त्यांच्या दारावर लावायला तयार आहे.

नियतकालिकाच्या नोंदणीसाठी फॉर्म भरायला गेलो. खिडकीतला गृहस्थ म्हणाला, पाच नावं द्या, आधी कोणी घेतलेली नसतील त्यातलं एक मिळेल. मी घरी बसून चार लिहिली. हुगळी, भरती, गंगासागर, जलमिती. पाचवं सुचेना. एक तास झाला, जेवण निवत होतं. प्रेमलता, म्हणजे माझी पत्नी, ताटावर झाकण आपटून म्हणाली, "उशीर लिहा. उशिराशिवाय आहे काय तुमच्याकडे?"

रागाच्या भरात मी तेच इंग्रजीत लिहून टाकलं. पहिली चारही नावं आधीच कोणीतरी घेतलेली निघाली. 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ डिले' अख्ख्या भारतात कोणालाच सुचलेलं नव्हतं. मंजूर झालं. मंजुरीचं पत्र यायला चौदा महिने लागले, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

मग कळलं की एका लेखाचं जर्नल होत नाही. निर्मलेंदूबाबू म्हणाले, "एक लेख म्हणजे हँडबिल." त्यांनी लगेच स्वतःचा लेख दिला, त्यांच्या आजोबांनी भावावर घातलेल्या वाटणीच्या खटल्याला बेचाळीस वर्षं कशी लागली, तारीखवार. शिवाय संपादकाच्या नावामागे डॉक्टर हवं. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष प्रभाकरराव होमिओपॅथ आहेत. ते म्हणाले, "मी संपादक होतो, पण औषधाचा गुण उशिरा का येतो यावर माझाही लेख घ्या." दोन लेख झाले. तिसरा माझा. झालं, अंक निघाला असता, आणि मी आज शांतपणे वरण-भात खात बसलो असतो.

इथे माझा स्वभाव आडवा आला. घोषणापत्राबरोबर नियमावली जोडायची होती. ती मी एका रात्रीत लिहिली, नकार दिलेल्या सगळ्या जर्नलांना डोळ्यांसमोर ठेवून. नियम चौथा असा: लेखकाचं नाव, पदवी, संस्था काहीही परीक्षकाला कळवलं जाणार नाही, परीक्षकाचं नाव लेखकाला, संपादकाला किंवा मालकाला कळणार नाही, दोघा परीक्षकांच्या होकाराशिवाय मालकाचा, त्याच्या नातेवाइकांचा किंवा कोणाचाही लेख छापला जाणार नाही. वाचून माझ्याच अंगावर काटा आला. जगात एक तरी दार असं असावं जिथे बारावी नापास माणसाला विभाग विचारत नाहीत, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. म्हणून तर अडकलो आहे.

माझा मुलगा सुश्रुत न्यू टाउनला सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याचा जन्म अकोल्याला झाला एवढंच, बाकी तो इथलाच, त्यामुळे त्याच्या मराठीत स्त्री-पुरुष सगळे सुखाने एकत्र नांदतात. त्याने चौथा नियम कॉम्प्युटरला शिकवला. लेख टाकला की नाव गळून पडतं आणि मशीन जगभरातून दोन परीक्षक शोधतं.

"बाबा, आता तुमची लेख सिस्टीममध्ये गेली," तो म्हणाला. "आता मी पण बघू शकत नाही."

"तू बनवलंस ना ते?"

"म्हणूनच तर. चांगला बनवलंय."

निर्मलेंदूबाबूंचा खटला पास झाला. प्रभाकररावांच्या होमिओपॅथीला एका परीक्षकाने हो म्हटलं, दुसऱ्याने चार पानं शिव्या दिल्या, त्यांनी संपादकपद ठेवलं आणि लेख मागे घेतला. माझ्या लेखाला परीक्षक क्रमांक एकने हो म्हटलं. नोंदींची चिकाटी असाधारण आहे, असं लिहिलं. फक्त विचारलं की एक्याण्णव सालच्या तीन महिन्यांत विलंब एकाएकी कमी का दिसतो. ते वर्षच विचित्र होतं, मी उत्तर दिलं.

आणि तुम्ही, क्रमांक दोन, तुम्ही एकच ओळ लिहिलीत. "लेखकाने कोणतं घड्याळ वापरलं, आणि ते कोण लावत असे?"

घड्याळ कोण लावत असे! मी काय पाळण्यातला होतो? सासऱ्यांनी लग्नात दिलेलं चावीचं एचएमटी. त्या घड्याळाच्या जिवावर मी एकतीस वर्षं ऑफिसात एकदाही उशिरा पोचलो नाही. निवृत्तीच्या दिवशी मला वक्तशीरपणाचं फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र मिळालं, ते दिवाणखान्यात आहे. उलट या शहरातलं बाकी सगळं मला उशिरा चालताना दिसायचं. टीव्हीवरच्या बातम्या रोज सात मिनिटं उशिरा लागायच्या, त्याबद्दल मी दोन पत्रं लिहिली होती. पुढे मोबाइल आला, त्यातली वेळही मागे. ती गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी मागे ठेवतात असं माझं ठाम मत होतं.

मी तुम्हाला साडेतीन पानी उत्तर पाठवलं. त्यात सासऱ्यांचा उल्लेख होता, प्रशस्तिपत्राचा उल्लेख होता, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोडून सगळं होतं. तुम्ही परत तीच ओळ पाठवलीत.

दरम्यान कंपनी वाढायला लागली. यात माझी काही चूक नाही. जगात उशीर किती आहे याचा मला अंदाज नव्हता. पाटण्याहून एका प्राध्यापकांनी रेल्वेच्या उशिरावर लेख पाठवला. मग विमानांच्या उशिरावर ब्राझीलहून आला. उशिरा बोलायला लागणारी मुलं, उशिरा फुलणारा आंबा, उशिरा मिळणारी पेन्शन, उड्डाणपूल. उड्डाणपुलांवर इतके लेख आले की सुश्रुतने त्यांचं वेगळं जर्नल केलं. मग न्यायालयांचं वेगळं. तिसऱ्या वर्षी त्याने नोकरी सोडली. मी म्हटलं, अरे, माझा एक लेख छापायचा होता रे. तो म्हणाला, "बाबा, आता एकोणीस लोक आहेत. त्यांना पण सांभाळायची आहे."

आज नऊ जर्नल आहेत. न्यू टाउनच्या अकराव्या मजल्यावर ऑफिस आहे, खिडकीतून तलाव दिसतो. माझ्यासाठी फिरती खुर्ची आहे. ती मी बसलो की खाली जाते आणि उठलो की वर येते, दुरुस्तीला माणूस उद्या येणार आहे असं गेल्या दिवाळीपासून ऐकतो. ऑफिसातल्या मुली मला "फाउंडर सर" म्हणतात आणि चहा देतात. एकदा त्यांच्यातलीच चैत्राली, मंडळातल्याच घरातली म्हणून मराठीत बोलणारी, मला म्हणाली, "काका, तुम्ही पण लिहा ना कधीतरी आपल्या जर्नलला." मी चहा तसाच ठेवून बाथरूममध्ये जाऊन आलो.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मंडळाच्या गणपतीत प्रभाकरराव म्हणाले, "अहो, मालक तुम्ही. सुश्रुतला दम भरा, एक बटण दाबायचं काम आहे." निर्मलेंदूबाबू म्हणाले, "नियम तुम्हीच लिहिला, तुम्हीच खोडा. खाली सही करा, झालं." सल्ला सोपा होता. पण मीच बांधलेल्या घरात मीच मागच्या दाराने शिरायचं? मग वशिल्याने छापून येणाऱ्या ज्या प्रोफेसरांच्या मेहुण्यांना मी जन्मभर शिव्या दिल्या त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? मी दोघांशीही आठवडाभर बोललो नाही. निर्मलेंदूबाबूंशी न बोलणं कठीण गेलं, कारण आमची पाण्याची मोटर एकच आहे.

गेल्या डिसेंबरात तिसऱ्यांदा तुमची तीच ओळ आली. मी स्वयंपाकघरात गेलो. प्रेमलता मेथी निवडत होती.

"बघ," मी म्हटलं, "बघ यांचा उर्मटपणा. घड्याळ कोण लावत असे म्हणे! हा काय प्रश्न झाला?"

ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "मी."

"काय मी?"

"मी लावायची. तुम्ही अंघोळीला जायचात तेव्हा. रुमाल, डबा, बसचा पास आणि घड्याळ मीच द्यायची ना हातात? चावी देऊन, लावून द्यायची." मग जुडीकडे बघतच पुढचं म्हणाली. "सात मिनिटं पुढे."

मी स्टुलावर बसलो.

"लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तीनदा लेट मार्क घेऊन आलात," ती म्हणाली. "तिन्ही दिवस माझ्याशी अबोला. आमच्याकडे बाबांच्या वेळी आई हेच करायची, पाच मिनिटं. म्हटलं बघू करून. दुसऱ्या दिवशी वेळेवर गेलात. मग चालू ठेवलं."

"एकतीस वर्षं?"

"भिंतीवरचंसुद्धा."

"आणि सातच का?" मी विचारलं.

"पाच केलं की माणसाला संशय येतो. दहा केलं की मनात वजा करता येतं. सात कोणाच्या ध्यानात येत नाही."

परीक्षक महाशय, किंवा बाई, तुम्ही माझी जागा घेऊन बघा. एका वाक्यात माझा शोध गेला आणि दुसऱ्या वाक्यात प्रशस्तिपत्र. नदीचा उशीर माझ्या बायकोचा निघाला आणि माझा वक्तशीरपणाही तिचाच निघाला. म्हणजे एकतीस वर्षांत माझं स्वतःचं असं काय होतं? डबा खाल्ला तेवढा. तोही तिनेच केलेला.

मी दिवाणखान्यातली फ्रेम उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. सुश्रुत आला, त्याला सगळं कळलं, तो हसला नाही हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने आईला विचारलं, "पण आई, रोज सातच? कधी सहा, कधी आठ नाही?"

ती उखडली. "म्हणजे काय? आठच्या बातम्यांच्या आधी रेडिओवर टुक-टुक वाजतं ना, त्याला काटा जुळवायची आणि मग मोजून सात पुढे. ताप असला तरी उठून करायची. मी काय अंदाजपंचे करते?"

सुश्रुत माझ्याकडे बघायला लागला. "बाबा, हा तर कॅलिब्रेशन आहे. दर दिवशी. चूक रोज सारखाच, म्हणजे वजा करता येतो."

"फक्त तू झालास तेव्हा नाही," ती म्हणाली. "तीन महिने अकोल्याला होते ना मी. तेव्हा यांचं यांनी लावलं असेल."

तेव्हा मी स्वतः रेडिओ लावून घड्याळ जुळवत होतो, हे मला आठवलं. तीन महिन्यांत अकरा लेट मार्क झाले होते हेही आठवलं. बाप होतोय म्हणून साहेबांनी ते मनावर घेतले नव्हते. मी उठलो. एक्याण्णवची डायरी काढली. उन्हात ठेवायला धीर नव्हता, बुरशीसकट उघडली.

त्या तीन महिन्यांत बान कोष्टकाप्रमाणे येत होता. मिनिटालाही मागे नाही. मी ज्याला विचित्र वर्ष म्हणत होतो ते एकच वर्ष सरळ होतं. पण त्या तीन महिन्यांतच भाद्र आला होता. भाद्राच्या अमावास्येच्या पानावर माझ्या हाताने लिहिलं होतं, उशीर चार मिनिटं. दुसऱ्या दिवशी, चार मिनिटं. पौर्णिमेला, चार.

"वाच," प्रेमलता म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तिने बोटांवर मोजलं. "अकरातून माझे सात गेले, चार."

"हो."

"मग ते चार माझे नाहीत हो."

आम्ही तिघांनी मिळून, एक्याण्णवचे ते तीन महिने सोडून, एकतीस डायऱ्यांमधून सात-सात मिनिटं वजा केली. पंधरा दिवस लागले. ती वाचायची, मी लिहायचो, सुश्रुत तपासायचा. बाकी सगळ्या महिन्यांत कोष्टक बरोबर निघालं. भाद्रात दर वर्षी चार मिनिटं शिल्लक राहिली. कधी तीन, कधी पाच, पण राहिलीच. लेख नव्याने लिहिला. घड्याळ कोण लावत असे याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात दिलं, सात का, तेही. लेखकांत पहिलं नाव प्रेमलता टिपणीस. ती म्हणाली, "कशाला माझं?" मी म्हटलं, साधन तुझ्या ताब्यात होतं. जानेवारीच्या एकोणीस तारखेला लेख सिस्टीममध्ये गेला आणि दोघांचीही नावं गळून पडली.

यंदाच्या भाद्राच्या अमावास्येला मी तिला घाटावर घेऊन गेलो. एवढ्या वर्षांत तिने बान पाहिलाच नव्हता. ती घरी घड्याळ सांभाळत होती. दोघांकडे मोबाइल, शिवाय एचएमटी, रेडिओला लावलेलं, पुढेमागे न करता. लांबून माणसं "बान, बान" ओरडायला लागली. होड्या पळाल्या. पाणी एखाद्या ओट्यासारखं उंच होऊन आलं, पायऱ्यांवर आदळलं आणि आमचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले. तिने माझं मनगट धरलं होतं, घड्याळावरच. ती म्हणाली, "हे बघत होता होय तुम्ही रोज?" पाणी शांत झाल्यावर लक्षात आलं की वेळ दोघांनीही बघितली नाही. ती एक नोंद राहिली. बाकी आठशे चौसष्ट आहेत.

आता सप्टेंबर सरत आला. आठ महिने झाले. परीक्षक क्रमांक एकने पंधरा दिवसांत होकार दिला. तुमच्याकडून काही नाही. सुश्रुत म्हणतो, स्मरणपत्र मशीन आपोआप पाठवतं, मालकाला पाठवता येत नाही. हे जाहीरपणे लिहायचंही तो नको म्हणत होता, लेखक कोण ते परीक्षकाला कळेल म्हणून. मग विचार करून म्हणाला, "मराठीत लिहा, बाबा. मराठीत चालेल." म्हणजे तुम्हाला हे वाचता येणार नाही याची खात्री झाल्यावरच मी हे लिहू शकलो आहे. माझी अडचण लक्षात घ्या.

रोज सकाळी आठच्या टुक-टुकनंतर प्रेमलता विचारते, "आलं का हो काही?" मी नाही म्हणतो. ती घड्याळाला चावी देते आणि माझ्या हातात देते. मला जायचं कुठेच नसतं. मी एकोणसत्तर वर्षांचा आहे, ती सहासष्ट. घाई आहे असं मी म्हणत नाही. पण तुमचा प्रश्न खरा होता, हे मी इथे सर्वांसमोर मान्य करतो. सहा वर्षं मी तुम्हाला उर्मट समजत होतो, आणि माझ्या डायऱ्या इतक्या मन लावून आजवर फक्त तुम्हीच वाचल्यात. तुम्ही विचारलं नसतं तर मी खोटा शोध छापून मोकळा झालो असतो आणि खरा तसाच बुरशीत राहिला असता.

सात मिनिटं कोणाची ते मी सांगितलं. भाद्रातली चार मिनिटं कोणाची? ती ना माझी, ना माझ्या बायकोची, ना घड्याळाची. मग नदीची आहेत की नाहीत? हो किंवा नाही. उत्तर द्या.